‘थर्मामीटर ३८ दाखवतो, बदलून द्या!’

गेल्या आठवड्यात पुन्हा तेच. रात्री साडेनऊला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या काकू डबी हातात घेऊन धावत आल्या. “अहो, कालच नेलेला थर्मामीटर बिघडलाय. नातू तव्यासारखा तापलाय आणि हा अडतीस दाखवतोय!” मी तो चालू केला, मागचं रीडिंग पडद्यावर आलं. ३८.९. यंत्र ठणठणीत होतं. नातवाला १०२ ताप होता.

मेडिकलच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली. ‘बिघडला’ म्हणून परत आलेल्या थर्मामीटरपैकी एखाद-दुसराच खरा बिघडलेला निघतो. बाकीचे नुसते सेल्सिअसवर गेलेले असतात. काकूंना, काकांना, होस्टेलवरच्या पोरांना तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. थर्मामीटरपासून सुरुवात करतो, पण हाच घोळ ओव्हन, एसी आणि बल्बच्या खोक्यापर्यंत जातो.

आधी कोपऱ्यातलं अक्षर बघा

पडद्याच्या उजव्या कडेला बारीक ‘सी’ किंवा ‘एफ’ असतं. सी म्हणजे सेल्सिअस, एफ म्हणजे फॅरेनहाइट. चष्मा सापडत नसेल तर आकड्यावरूनही कळतं. ३५ ते ४२ च्या दरम्यान असेल तर सेल्सिअस, ९४ ते १०८ च्या दरम्यान असेल तर फॅरेनहाइट. तापाच्या बाबतीत हे दोन पट्टे एकमेकांत कधी शिरत नाहीत, त्यामुळे इथे अंदाज चुकायचं कारणच नाही.

बहुतेक डिजिटल थर्मामीटरमध्ये एकक बदलता येतं. यंत्र बंद करा, मग बटण दाबून पाच-सहा सेकंद तसंच धरून ठेवा, सी जाऊन एफ येतो. काहींत चालू झाल्या झाल्या लगेच दुसऱ्यांदा दाबावं लागतं. अगदी स्वस्तातल्या काही मॉडेलमध्ये ही सोयच नसते, म्हणून विकत घेतानाच काउंटरवर चालू करून बघा. आपोआप बदललं असं जे वाटतं, ते बहुधा घरातल्या छोट्याने बटण दाबून धरलेलं असतं.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण आपण दोन्ही पट्ट्या एकाच तोंडाने वापरतो. “चंद्रपूरला पारा ४६ वर” हे सेल्सिअस. “पोराला १०२ आहे” हे फॅरेनहाइट. एकक कुणी उच्चारतच नाही. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, शेर गेले, मैल गेले, हवेचा पाराही सेल्सिअसमध्ये सांगायला लागले, पण ताप तेवढा जुन्याच पट्टीवर राहिला. डॉक्टरही तसंच विचारतात, आईही तसंच सांगते. मग जर्मनीतली मुलगी फोनवर “बाळाला साडेअडतीस आहे” म्हणते आणि इकडे आजीला ते काहीच वाटत नाही. साडेअडतीस म्हणजे १०१.३, आजी.

हे नीट समजायला शिंप्याच्या टेपची आठवण करा. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. दोन्ही बाजू पितळी टोकापासूनच सुरू होतात, म्हणून इंचाला २.५४ ने गुणलं की काम झालं. तापमानाच्या टेपचं तसं नाही. तिथे खुणांमधलं अंतर वेगळं आहेच, शिवाय सुरुवातीचं टोकही एका जागी नाही. बर्फ वितळतो तिथे सेल्सिअस ० म्हणतो आणि फॅरेनहाइट ३२. पाणी उकळतं तिथे सेल्सिअस १०० आणि फॅरेनहाइट २१२. म्हणजे जेवढ्या अंतरात एकाच्या १०० खुणा, तेवढ्यातच दुसऱ्याच्या १८०. सेल्सिअसचा एक अंश हा फॅरेनहाइटच्या १.८ अंशांएवढा. आकडा बदलायचा तर १.८ ने गुणून ३२ मिळवायचे. उलट जायचं तर आधी ३२ वजा करून मग १.८ ने भागायचं. हा क्रम उलटा झाला की उत्तर भलतंच येतं.

क्रम लक्षात राहत नसेल तर मी वापरतो ती युक्ती घ्या. उणे ४० ला दोन्ही पट्ट्या एक होतात. सियाचिनच्या कडाक्यात उणे चाळीस म्हटलं की कुठलं एकक हे विचारावंच लागत नाही. म्हणून कुठल्याही आकड्यात आधी ४० मिळवा, सेल्सिअसवरून येत असाल तर १.८ ने गुणा, फॅरेनहाइटवरून येत असाल तर भागा, आणि शेवटी ४० काढून टाका. दोन्ही दिशांना सुरुवात आणि शेवट तोच. ३९ मध्ये ४० मिळवले, ७९. गुणिले १.८ म्हणजे १४२.२. वजा ४०, १०२.२. झालं.

तापासाठी तर गुणाकारही नको. ३७ म्हणजे ९८.६ एवढं पाठ ठेवा आणि पुढे प्रत्येक अर्ध्या अंशाला ०.९ चढवत जा. ३७.५ ला ९९.५, ३८ ला १००.४, ३८.५ ला १०१.३, ३९ ला १०२.२, ३९.५ ला १०३.१, ४० ला १०४. हे सात आकडे कागदावर लिहून औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. साधारणपणे ३८ म्हणजे १००.४ पासून ताप धरतात. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर एवढा आकडा दिसल्यावर घरी थांबून बघत बसू नका, डॉक्टर गाठा.

दुप्पट करून तीस मिळवू नका

हा शॉर्टकट सगळीकडे फिरतो. सेल्सिअसची दुप्पट, अधिक तीस. परदेशात हवामान बघताना तो बरा चालतो, कारण १० अंशांना तो नेमका बरोबर असतो (५०) आणि त्याच्या आसपास थोडाच चुकतो. पण जसजसं वर जाल तसतसा तो वाहवत जातो. ३७ ची दुप्पट ७४, अधिक ३०, म्हणजे १०४! धडधाकट माणसाला पाच-साडेपाच अंश ताप चढवला की हो यानं. एका होस्टेलच्या पोराने हा हिशेब करून मध्यरात्री मित्राला रिक्षात घातलं होतं. मित्र फक्त दमलेला होता.

काखेतला ‘एक मिळवायचा’

हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण इथे यंत्र बरोबर, एकक माहीत, तरी उत्तर चुकतं.

काखेत लावला तर तोंडातल्यापेक्षा आकडा कमी येतो, म्हणून एक अंश मिळवायचा, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे. रीत ढोबळ आहे. फरक साधारण अर्धा ते एक अंश असतो, तोही फॅरेनहाइटमध्ये. पाऱ्याच्या काचेच्या थर्मामीटरवर ती ठीक चालली. आता तोच ‘एक’ सेल्सिअसच्या आकड्यात मिळवला की काय होतं ते बघा. काखेत ३७.२ आलं, अधिक १, म्हणून ३८.२. ते फॅरेनहाइटमध्ये झालं १००.८, चक्क ताप. खरा हिशेब असा: ३७.२ म्हणजे ९९, अधिक १, म्हणजे १००. नुसती कणकण. सेल्सिअसचा एक अंश जवळजवळ दुप्पट मोठा असतो, हे विसरल्यामुळे एक गोळी उगाच पोटात जाते. त्यापेक्षा काहीच मिळवू नका. ‘काखेत ३७.२’ एवढंच डॉक्टरांना सांगा. त्यांना कळतं.

हाच घोळ दुसऱ्या तोंडानेही येतो. फोनला “एक अंश सेल्सिअस म्हणजे किती फॅरेनहाइट” असं विचारलं तर तो ३३.८ सांगतो. चूक नाही, पारा १ वर असेल तर ते बरोबरच आहे. पण “ताप एक अंशाने उतरला” यातला एक हा पाऱ्याचा आकडा नाही, तो दोन आकड्यांमधला फरक आहे. फरकाला टेपचं टोक कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तिथे फक्त १.८ ने गुणायचं, ३२ चा संबंधच नाही. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेची लाट कधी म्हणतं? कमाल तापमान निदान ४० असावं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असावं. अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने ती बातमी वाचून ४.५ चं रूपांतर केलं, ४०.१ आलं आणि त्याने घाबरून फोन केला की नागपूरचा पारा चाळीस अंशांनी चढलाय का. चढला होता ८.१ ने. तेही कमी नाही म्हणा.

९८.६ च्या दशांशाला घाबरू नका

“९८.९ आहे, म्हणजे ०.३ ताप आहे का?” हा प्रश्नही ठरलेला. यामागे एक गंमत आहे. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश नावाच्या डॉक्टरने सुमारे २५,००० रुग्णांचं तापमान पुन्हा पुन्हा मोजलं, बहुतेक काखेतच, आणि १८६८ मध्ये पुस्तक लिहिलं. निरोगी माणसाचा त्याचा ढोबळ आकडा होता ३७ सेल्सिअस. त्याचं फॅरेनहाइट केलं की ९८.६ येतं. गोल आकडा दुसऱ्या पट्टीवर नेल्यामुळे त्याला दशांश चिकटला आणि तो फार काटेकोर वाटायला लागला. ब्रिटिश थर्मामीटरवर नॉर्मलची खूण ९८.४ ला असायची, म्हणून आपल्याकडचे जुने लोक अजून तोच आकडा सांगतात. शरीर पहाटे थंड असतं, संध्याकाळी थोडं चढतं. ९८.९ ला गोळी मागायला आलात तर मी देणार नाही.

आणि मुळात ३२, २१२ असले चमत्कारिक आकडे आले कुठून? डॅनिएल गॅब्रिएल फॅरेनहाइट हा उपकरणं बनवणारा कारागीर, १६८६ चा जन्म, डान्झिग शहरातला. त्याने १७२४ मध्ये आपली पट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला त्याने शून्य म्हटलं. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांड्याला लावतो तोच. साध्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या अंगाला ९६ धरलं. पुढे लोकांनी पट्टी ३२ आणि २१२ च्या खुंट्यांना घट्ट बांधली, तेव्हा अंगाचा आकडा ९६ वरून वर सरकला. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या आंदेर्श सेल्सिअसने १७४२ मध्ये शंभर खुणांची पट्टी मांडली, पण उलटी! उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १००. तो १७४४ मध्ये गेला आणि त्याच्यामागे ती सुलटी झाली. नाहीतर ताप चढला की आकडा उतरला असता आणि मला दुकान बंद करून पळावं लागलं असतं.

पडद्यावर भलतंच दिसतंय

चालू केल्याबरोबर १८८.८ आला, तर ते रीडिंग नव्हे. पडद्याच्या सगळ्या रेघा पेटतात की नाही ते यंत्र स्वतःच तपासतं. ‘एल ओ’ दिसलं तर आकडा यंत्राच्या पट्ट्याच्या खाली आहे, म्हणजे बहुधा सुमारे ३२ सेल्सिअसपेक्षा कमी. एका आजोबांनी त्या अक्षरांना १० वाचलं होतं. नीट जिभेखाली ठेवून तोंड बंद केलं, बीप होईपर्यंत थांबलात तर ते जातं. नुकताच चहा किंवा थंड पाणी प्यायला असाल तर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

कपाळावर धरायच्या बंदुकीची तक्रार वेगळी. २०२० मध्ये प्रत्येक गेटवर वॉचमन ती रोखून उभा असायचा आणि सगळ्यांचा आकडा ३३-३४ यायचा, आठवतंय? त्या बंदुकीत दोन मोड असतात, एक अंगाचा आणि एक वस्तूच्या पृष्ठभागाचा. दुसऱ्यावर असली की ती कातडीचं खरं तापमान सांगते, आणि कातडी आतल्या अंगापेक्षा थंडच असते. अंगाच्या मोडमध्ये ती हिशेब करून आतला अंदाज देते. मोडचं बटण दाबून बघा, मगच माझ्याकडे या.

इन्सुलिनचं खोकं

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अमेरिकेहून मुलाने आणलेल्या इन्सुलिन पेनच्या खोक्यावर ३६ ते ४६ अंशांत ठेवा असं लिहिलं होतं. घरच्यांनी विचार केला, आपल्याकडे मे महिन्यात ४४ असतं, म्हणजे बाहेर कपाटात चालेल. ते फॅरेनहाइट होतं. सेल्सिअसमध्ये २ ते ८, म्हणजे फ्रिज. आठवडाभर कपाटात उकडलेले ते पेन टाकून द्यावे लागले.

त्यातच पुढची चूक लागून येते. फ्रिजच्या डायलवर १ ते ७ आकडे असतात. “मी ५ वर ठेवलाय, म्हणजे ५ अंश” असं कितीजण छातीठोकपणे सांगतात! ते अंश नाहीतच. तो फक्त गारवा कमी-जास्त करायचा नंबर आहे, आणि सहसा नंबर मोठा तेवढा गारवा जास्त. आत खरंच किती आहे ते बघायला फ्रिजचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो मधल्या कप्प्यात ठेवा. इन्सुलिन फ्रीझरला चिकटून ठेवू नका. एकदा गोठलं की ते वितळलं तरी वापरायचं नाही.

स्वयंपाकघर, एसी, बल्ब

आमच्या घरचा किस्सा. बायकोने नेटवरची केकची कृती बघितली, ‘३५० वर ४० मिनिटं’. आमच्या ओटीजीचं बटण २५० लाच संपतं. तिने ते शेवटपर्यंत फिरवलं. वरून कोळसा, आतून पिठलं. ३५० फॅरेनहाइट म्हणजे १७७, बटण १८० वर ठेवा. ओव्हनच्या आकड्यांना एक सोपी सवलत आहे. फॅरेनहाइटचे सरळ निम्मे करा. ३०० चे १५० (खरे १४९), ३५० चे १७५, ४०० चे २०० (खरे २०४). एवढ्या फरकाने केक बिघडत नाही. मात्र हा निम्म्याचा हिशेब ओव्हनबाहेर काढू नका, १०१ तापाचे निम्मे केले तर ५० येतील.

एसीच्या रिमोटवर अचानक ७५ दिसायला लागलं तर मेकॅनिकला व्हिजिटचे पैसे देऊ नका. ७५ म्हणजे २४. बऱ्याच रिमोटवर वर-खाली जायची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की एकक बदलतं. २०२० पासून स्टारवाले नवे एसी २४ वरच सुरू होतात, त्यामुळे ७५ दिसलं तर ओळखायला सोपं.

बल्बच्या खोक्यावरचं ६५०० हे वॅट नव्हे आणि बल्ब तेवढा तापतही नाही. ते केल्व्हिन. केल्व्हिनची पायरी सेल्सिअसएवढीच, फक्त शून्य पार तळाला, उणे २७३.१५ सेल्सिअसला, ज्याच्याखाली थंडीच नाही. म्हणून त्यात उणे आकडा येत नाही आणि ‘अंश’ही म्हणत नाहीत. एखादी वस्तू ६५०० केल्व्हिनपर्यंत तापवली तर जसा निळसर पांढरा उजेड देईल तसा या बल्बचा रंग आहे, एवढंच. २७०० वाला पिवळसर. गोंधळ असा की खोक्यावर पिवळ्याला ‘वॉर्म’ आणि निळसराला ‘कूल’ लिहितात, आणि केल्व्हिनचा आकडा नेमका उलटा चालतो. झोपायच्या खोलीला २७०० किंवा ३००० मागा.

मी बदलून कधी देतो

एकाच माणसाच्या तोंडात, त्याच जागी, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा लावून आकडे अर्ध्या अंशापेक्षा जास्त इकडे-तिकडे जात असतील, तर घेऊन या. पडदा फिका पडला असेल तर आधी सेल बदला, तो बटणासारखा छोटा असतो. टोकाला भेग असेल किंवा काचेखाली वाफ दिसत असेल तर पाणी शिरलंय, तो गेला. तापाचा थर्मामीटर बर्फात घालून तपासू नका, तो फक्त ‘एल ओ’ म्हणेल. ती परीक्षा स्वयंपाकाच्या थर्मामीटरची, बर्फ-पाण्यात ० किंवा ३२ यायला हवं. उकळत्या पाण्यात तपासलात तर पुण्यात ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला साधारण साडेपंचाण्णव येईल, कारण उंचीवर पाणी लवकर उकळतं. त्यात यंत्राचा दोष नाही. आणि घरात अजून पाऱ्याचा काचेचा असेल तर तो गरम पाण्याने धुवू नका. ४२ सेल्सिअसच्या पुढे पाऱ्याला जागा उरत नाही, काच तडकते, आणि फरशीवर सांडलेला पारा गोळा करायला मी येणार नाही.

येताना बिल आणि डबी घेऊन या. काकूंचा थर्मामीटर मी एफवर करून दिला, नातू दोन दिवसांत खेळायला लागला, आणि परवा त्याच काकू परत आल्या. बटण नातवाने पुन्हा दाबलं होतं.